ताश्कंदात उघडलेलं दफ्तर

ताश्कंदात पोचल्यावर दुसऱ्याच रात्री हिला, माझ्या बायकोला, ताप भरला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि आठवणीने भरून ठेवलेली गोळ्यांची पिशवी नेरूळला फ्रिजवर राहिलेली. मी खाली उतरलो. हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराला उझबेक आणि रशियन येत होतं. मला मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. मी कपाळाला हात लावून दाखवला. त्याने रस्त्यापलीकडे बोट केलं आणि एक शब्द म्हणाला. शब्द कळला नाही, बोट कळलं.

पलीकडे हिरव्या दिव्यांची फुली उघडमीट करत होती आणि तिच्याखाली पाटी. अक्षरं लॅटिन, म्हणजे आपण इंग्रजीसाठी वापरतो तीच. मी वाचलं, ‘डोरिक्सोना’. दुकानाचं नाव असेल म्हणून आत शिरलो. पांढऱ्या कोटातल्या बाईने माझ्या खाणाखुणा बघितल्या, गोळ्यांचं पाकीट काढलं, त्यावर पेनाने एक सूर्य आणि एक चंद्र काढला आणि दोघांसमोर एकेक रेघ मारली. पैसे देताना मी पाटीकडे बोट करून विचारलं, हे तुमच्या दुकानाचं नाव का? तिला प्रश्न कसा कळला देव जाणे. तिने मान हलवली आणि शाळेतल्या बाई शिकवतात तसं तोडून, सावकाश म्हणाली, “दोरि-खोना.” तो ‘ख’ घशाच्या तळातून आला होता.

मी पाकीट हातात धरून तसाच उभा राहिलो. खोना म्हणजे खाना. दोरि म्हणजे दारू. दारूखाना!

मुंबईत रे रोडच्या बाजूला दारूखाना आहे. जुन्या बोटी तोडतात, लोखंडाच्या वखारी आहेत. तिथली ‘दारू’ म्हणजे बंदुकीची दारू. आणि फारसीत ‘दारू’ म्हणजे मुळात औषध. आपण ते विसरलो, पण पूर्ण विसरलो नाही. आजही कुणी आजारी पडलं की आपण विचारतो, “काही दवादारू केलीत का?” त्या जोडशब्दात जो अर्थ दडून राहिला होता तो इथे, नेरूळपासून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, भर रस्त्यावर हिरव्या दिव्याखाली उभा होता. मी रस्ता ओलांडून जवळजवळ धावतच वर गेलो. “अगं, दारूखान्यातून औषध आणलंय,” म्हटलं. ही तापातही उठून बसली. “अहो, काय बोलताय!”

माझी नोकरी महसूल खात्यातली. तीस वर्षांहून जास्त काळ अर्ज, हरकती, फेरफार, दस्त, जमाबंदी, खातेउतारे यांच्यात गेला. त्यातली बरीच वर्षं पनवेल तहसिलीत. कुळकायद्याचे जुने कागद वाचताना शब्द अडत, म्हणून माधव ज्यूलियनांनी १९२५ साली काढलेल्या फारसी-मराठी कोशाची झेरॉक्स मी टेबलाच्या खणात ठेवली होती. त्या शब्दांना नवे लोक ‘सरकारी मराठी’ म्हणून नाकं मुरडत. मलाही वाटायचं, हे आता जुन्या कागदाबरोबर संपणार. ताश्कंदला जायचं ठरलं ते वेगळ्याच कारणाने. पंतप्रधान शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ रोजी तिथे वारले तेव्हा मी पाळण्यात होतो, पण वडील त्या दिवसाबद्दल आयुष्यभर बोलत. आदल्याच दिवशी पाकिस्तानबरोबरच्या करारावर सह्या झाल्या होत्या, आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथे हजर होते, आणि घरातल्या रेडिओवर पहाटे ती बातमी आली. ‘ताश्कंद’ हे आमच्या घरात शहराचं नाव नव्हतं, दुखवट्याचं होतं. निवृत्तीनंतर ते शहर एकदा डोळ्यांनी बघावं असं मनात होतं. दिल्लीहून विमानाने तीन तासांची वाट. तिथे शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, त्यांचा अर्धपुतळा आहे. तिसऱ्या दिवशी हिचा ताप उतरल्यावर आम्ही तिथे झेंडूसारखी दिसणारी फुलं वाहून आलो.

पण दारूखान्याच्या त्या रात्रीपासून मी शहर बघेनासा झालो आणि वाचायला लागलो.

वाचण्याची एक किल्ली सापडली. उझबेकमध्ये आलेल्या फारसी शब्दांत जिथे ‘ओ’ दिसतो तिथे बहुतेक वेळा मूळ ‘आ’ असतो; उच्चारात तो आपल्या ‘ऑ’कडे झुकतो. एक्स दिसला की ‘ख’ म्हणायचं. एवढं केलं की पाट्या आपणहून बोलू लागतात. बोझोर म्हणजे बाजार. दुकोन म्हणजे दुकान. नोन म्हणजे नान, चोय म्हणजे चहा. बोग म्हणजे बाग, मायदोन म्हणजे मैदान, दारवोझा म्हणजे दरवाजा, शाहार म्हणजे शहर. आणि खाने तर किती! चहा प्यायचा तो चोयखोना. हॉटेल म्हणजे मेहमोनखोना, पुस्तकालय म्हणजे कुतुबखोना, न्हाव्याचं दुकान सार्तारोशखोना. आपण दवाखाना, छापखाना, कारखाना, तोफखाना, नगारखाना म्हणतो ती सगळी याच कुळातली भावंडं. मी एकेक पाटी मोठ्याने वाचत चालायचो आणि ही शेजारून मराठी सांगायची. ताश्कंदच्या रस्त्यावर आम्ही दोघं म्हातारी माणसं शाळेतल्या पोरांसारखी पाढे म्हणत होतो.

काही शब्दांनी मात्र हाताला धरून थांबवलं.

मेट्रोच्या दारात पोलीस पिशव्या तपासतात. एका तरुण शिपायाने माझी पिशवी पाहिली आणि काहीतरी विचारलं. त्यात ‘हुज्जत’ हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. मी घाबरलोच. मी तर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, हुज्जत कुठली घालणार? दोन्ही हात जोडले. त्याने पुन्हा तेच म्हटलं आणि हवेत बोटांनी एक छोटा चौकोन काढला. पासपोर्ट! उझबेकमध्ये ‘हुज्जत’ म्हणजे कागदपत्र, दस्तऐवज. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा. तिथे तो पुरावा कागदावर उतरला आणि कागद झाला. आपल्याकडे पुराव्यावरून जी भांडणं होतात त्या भांडणांचंच नाव हुज्जत पडलं. सातबाऱ्यावरून भावाभावांत चाललेल्या किती हुज्जती मी टेबलापलीकडून ऐकल्या असतील. कागद आणि भांडण यांना एकच शब्द असू शकतो हे मला त्या भुयारी स्टेशनच्या दारात कळलं, आणि पासपोर्ट दाखवताना माझे डोळे का भरून आले ते त्या शिपायाला कळलं नसेल.

दुसरा शब्द माझ्या खात्याचाच. बाजारातल्या फलकांवर, खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर ‘माहसुलोत’ असं लिहिलेलं असतं. महसूल! पण तिथे त्याचा अर्थ उत्पादन, जे पिकलं किंवा तयार झालं ते. मूळ अरबी अर्थही तोच, हाती आलेलं पीक. आपल्याकडे दरबाराने त्या पिकातला आपला वाटा मोजला आणि शब्दही आपल्याकडे ओढून घेतला; पीक शेतकऱ्याकडे राहिलं, ‘महसूल’ सरकारचा झाला. तीस वर्षं मी ज्या खात्याचं नाव लिहीत आलो, त्या नावात मुळात शेतकऱ्याच्या खळ्यावरची रास होती. हे मला नोकरीत असताना कळायला हवं होतं, असं फार वाटलं.

हे शब्द दोन्हीकडे कसे पोचले याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात आहे. बुखारा, समरकंदच्या दरबारांची लिहिण्याची भाषा शतकानुशतकं फारसी होती, आणि इकडे बहमनी, आदिलशाही, निजामशाहीचीही. दोन्हीकडचे दरबारी कारकून एकाच भाषेत लिहीत होते. त्या हुज्जतीच्या दिवशी आम्ही अलीशेर नवोई या स्टेशनवर उतरलो. निळ्या-पांढऱ्या नक्षीचे घुमट, भिंतींवर नवोईच्या काव्यातले प्रसंग. नवोई १४४१ ते १५०१ या काळातला कवी. विद्वानांनी फारसीतच लिहावं असं मानलं जाण्याच्या काळात त्याने आयुष्याच्या अखेरीला, १४९९ साली, एक ग्रंथच लिहिला की आपली तुर्की भाषा फारसीपेक्षा कशातही उणी नाही. स्टेशनच्या बाकावर बसून मला शिवाजी महाराजांचा राज्यव्यवहारकोश आठवला. सुमारे १४०० दरबारी शब्द घेऊन त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचं काम महाराजांनी करवून घेतलं. आपल्या भाषेने मान खाली घालू नये, ही कळकळ दोन्हीकडे एकच. आणि तरीही ते फारसी शब्द दोन्हीकडे टिकले. मला वाटतं लोकांनी ते दरबाराचे म्हणून ठेवलेच नव्हते. बाजारात, स्वयंपाकघरात, आजारपणात वापरून वापरून ते घरचे झाले होते. आपला ‘खूप’ हा फारसी ‘खूब’ आहे हे सांगितलं तर किती जणांना खरं वाटेल? ताश्कंदात कुणी ‘बरं, ठीक’ म्हणायला ‘खोप’ म्हणालं की मी दचकून मागे बघायचो.

चोर्सू बाजाराचं नावच चार वाटांवरून पडलेलं. मोठा निळा घुमट आणि खाली गोलाकार ओटे. ऑक्टोबर असल्याने डाळिंबांच्या राशी, खरबुजांच्या गाड्या, अंजीर, बेदाणे. मसाल्याच्या ओट्यावर एका आजीने माझ्या तळहातावर चिमूटभर दाणे ठेवले आणि म्हणाली, “झिरा.” जिरं! पुलावात घालतात ते, आपल्यापेक्षा बारीक आणि काळपट. मूग दाखवून म्हणाली, “मोश.” गाजराला ‘साब्झी’ म्हणतात, हिने ती पाटी वाचून भाजीची चौकशी केली तर प्रत्येक जण गाजराकडेच बोट दाखवी. हिने बेदाण्यांचा भाव विचारला. ‘कांचा?’ एवढा शब्द ती सकाळीच शिकली होती. आजीने कॅल्क्युलेटरवर आकडा दाबला. इथे आकडे मोठे, तेव्हा रुपयाला दीडशेच्या आसपास सोम पडत, त्यामुळे भाजीसुद्धा हजारांत. ही बोलून गेली, “अहो, किंमत बघा!” आजी खळखळून हसली आणि हात नाचवत म्हणाली, “किम्मत येमास, अर्झोन, अर्झोन!” आम्हाला नंतर कळलं, तिथे ‘किम्मत’ म्हणजे महाग आणि ‘अर्झोन’ म्हणजे स्वस्त. आजीला वाटलं बाई घासाघीस करतेय आणि तीही आपल्या भाषेत. तिने भाव कमी केला नाही, पण बेदाण्यांवर मूठभर जर्दाळू घातले आणि हिचा हात धरून गालाला लावला. ही तिला ‘ओपा’ म्हणाली, म्हणजे ताई. मला तिथे सगळे ‘आका’ म्हणत. आपल्याकडची अक्का बहीण, तिथला आका मोठा भाऊ. त्या हाकेची सवय व्हायला दोन दिवस लागले, आणि सुटायला त्याहून जास्त.

राज कपूर तिथे अजून सगळ्यांना माहीत आहे. भारतीय म्हटलं की पहिलं नाव तेच येतं. ते गोड आहे, पण त्यावर खूप लिहून झालं आहे.

लिपीबद्दल मात्र लिहायला हवं. एकाच रस्त्यावर मला तीन लिप्या दिसत होत्या. नव्या सरकारी पाट्या लॅटिन, जुन्या इमारतींवर आणि भाजीवाल्यांच्या पुठ्ठ्यांवर रशियन वळणाची सिरिलिक. मशिदीवर अरबी. सगळी एकाच भाषेने कधी ना कधी घातलेली वस्त्रं. १९२९ पर्यंत उझबेक अरबी लिपीत लिहीत. मग लॅटिन आली. १९४० मध्ये मॉस्कोच्या धोरणाने सिरिलिक आली. देश स्वतंत्र झाल्यावर १९९३ मध्ये पुन्हा लॅटिनचा कायदा झाला, आणि सिरिलिक अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणजे शंभर वर्षांच्या आत आजोबा एका लिपीत, वडील दुसऱ्या लिपीत आणि नातू तिसऱ्या लिपीत. नावांचंही तेच. मेट्रोचं लेनिन चौक स्टेशन आता मुस्ताकिल्लिक मायदोनी, म्हणजे स्वातंत्र्य मैदान, झालं आहे. मध्यवर्ती चौकात जिथे मार्क्सचं शिल्प होतं तिथे १९९३ पासून घोड्यावर बसलेला तैमूर आहे. आमच्या टॅक्सीवाल्या काकांनी स्टेशनचं जुनंच नाव घेतलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाताना ‘व्हीटी’ म्हणणारे लोक माझ्या घरातही आहेत, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. त्याच काकांनी बोटांवर ‘अदीन, द्वा, त्री, चितीरे’ असं रशियन मोजून दाखवलं, तेव्हा ही म्हणाली, “द्वि, त्रि, चत्वारि. हेसुद्धा आपलंच निघालं की!”

मला त्या लिप्यांनी आमच्या रेकॉर्ड रूमची आठवण करून दिली. मोडीतले रुमाल कपाटात बांधलेले, आणि ते वाचणारा एकच जुना अभिलेखपाल. तो निवृत्त झाला त्या दिवशी पाच कपाटं मुकी झाली. जाण्याआधी त्याने मला माझं नाव तेवढं मोडीत काढायला शिकवलं होतं.

चिलोन्झोर भागात गेलो तो दिवस मला सगळ्यात जड गेला. २६ एप्रिल १९६६ रोजी पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी ताश्कंदात भूकंप झाला. शास्त्रीजी जाऊन साडेतीन महिनेच झाले होते. मातीच्या घरांचं जुनं शहर बसलं आणि सुमारे तीन लाख माणसं उघड्यावर आली. त्या मानाने मृत्यू फार थोडे. मग सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून गवंडी, इंजिनियर, सामान आलं आणि नवं शहर उभं राहिलं. चिलोन्झोरची बांधणी त्याआधीच सुरू झाली होती, भूकंपानंतर तिने वेग घेतला. चार-पाच मजली सारख्या इमारती, मध्ये मोकळी अंगणं, तुतीची आणि चिनारची झाडं, रस्त्याकडेने वाहत्या पाण्याचे पाट, आणि वस्तीला नावाऐवजी आकडा: नववा क्वार्ताल, सोळावा क्वार्ताल. आमच्या सिडकोच्या सेक्टरांत राहणाऱ्या माणसाला तिथे पत्ता समजावून सांगावा लागत नाही. खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, जिन्याखाली सायकली, खाली बाकावर बसलेल्या बायका. फरक एकच दिसला. त्या साध्या इमारतींच्या उघड्या बाजूच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत रंगीत मोझेइक आहेत: सूर्य, फुलं, भरतकामासारखी नक्षी. झार्स्की बंधूंनी आयुष्य त्यात घातलं. गरिबाच्या घराची भिंतही सुंदर असायला हवी असं कुणीतरी ठरवलं होतं, आणि पन्नास वर्षांनी त्या भिंतीसमोर उभं राहून मला सिडकोच्या आमच्या काळवंडलेल्या भिंती आठवून वाईट वाटलं.

भूकंपाचं स्मारकही त्याच दिवशी पाहिलं. काळ्या दगडाचा ठोकळा. एका बाजूवर तारीख, दुसऱ्या बाजूवर घड्याळ, काटे भूकंपाच्या वेळेवर थांबलेले, आणि मधून गेलेली भेग. मागे एक पुरुष, एक बाई आणि तिच्या कुशीत मूल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मदतकार्यासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांत मीही होतो. दगड-मातीच्या ढिगांवर बसून पंचनामे लिहिले. एका घरात भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि घरात कुणी उरलं नव्हतं. ताश्कंदच्या त्या दगडी घड्याळासमोर मी किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. हिने काही विचारलं नाही. तिला किल्लारीचं ते घड्याळ माहीत आहे. लग्न झाल्यापासून हिने आमच्या घरात ठोके पडणारं घड्याळ लावलं नाही.

शेवटच्या दिवशी कोस्मोनाव्त्लार स्टेशनवरून चोर्सूला निघालो. ते स्टेशन १९८४ चं. निळ्या भिंतींवर अंतराळवीर गागारिन, तेरेश्कोवा आणि त्यांच्याच ओळीत पंधराव्या शतकातला ताऱ्यांचा अभ्यासक उलुगबेग. त्याच वर्षी आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून वर गेले होते. दारं मिटताना सूचना झाली, “एहतियोत बोलिंग, एशिक्लार योपिलादी.” समोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आईशेजारी बसली होती. वेण्यांना मोठ्या पांढऱ्या फिती. हिच्या साडीकडे बघून ती हसली, हिने तिला बेदाणे दिले. मुलीने थोडं इंग्रजी काढलं, आमचं नाव विचारलं, आणि पिशवीतून वही काढून म्हणाली, “दाफ्तार.”

दफ्तर. तिच्यासाठी वही, माझ्यासाठी शाळेत पाठीवरची पिशवी आणि नंतर तीस वर्षांची कपाटं.

तिने माझं नाव आधी लॅटिनमध्ये लिहिलं, मग आईकडे बघत सिरिलिकमध्ये. कलम माझ्या हातात दिलं. पेन्सिलीला तिथे कलमच म्हणतात. मी तिचं नाव देवनागरीत लिहिलं, वर शिरोरेघ ओढली. तिला ती रेघ फार आवडली, बोट फिरवून बघितली. मग मी खाली माझं नाव पुन्हा लिहिलं, यावेळी मोडीत. हात अडखळेल असं वाटलं होतं, पण वळणं जशीच्या तशी आली. ती दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, हा दुसरा माणूस कोण?

गाडी गाफूर गुलोम स्टेशन सोडून चोर्सूत शिरत होती. सांगायला वेळही नव्हता आणि शब्दही नव्हते. मी छातीला हात लावला. तिने मान डोलावली, वही मिटून पिशवीत घातली, आणि आम्ही चौघं एकाच दारातून उतरलो.